केस, कंगवा आणि जट



पत्रिकेवर आमच्या नावापुढे हा विषय छापलेला पाहून दोघा-तिघा मित्रांनी आम्हाला रस्त्यात गाठले. म्हणाले, ‘कामगार संघटनेवाल्यांचे वेणीफणीशी काय काम? किमान वेतन, बोनस, भविष्यनिर्वाह निधी हे सगळे सोडून तुम्ही बायकांच्या केसांवर बोलणार?’ आम्ही त्यांना एवढेच सांगितले की, ज्यांना आपल्याकडील कामगार चळवळीचे जनक म्हणतात त्या नारायण मेघाजी लोखंडे यांना हा विषय हलका वाटला नव्हता. तो कसा, ते पुढे ओघात येईलच. आमचे शिकणे शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकापाशी फार झाले. तेव्हा पंडिती बोलणे आमच्याकडून व्हायचे नाही. जे वाचले, विचारून घेतले आणि डोळ्यांनी पाहिले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम केसांत गुंता होतो कसा, ते पाहू. केस डोळ्यांना गुळगुळीत दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्याचे रूप वेगळे असते. कौलारू घराच्या छपरावर जशी कौले एकावर एक चढवलेली असतात, तसे बारीक खवले त्याच्या अंगावर बसलेले असतात आणि त्यांच्या मोकळ्या कडा टोकाच्या दिशेला असतात. एक लांब केस चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे बोटे ओढा, ती सहज सरकतील. उलट ओढा, किंचित अडखळतील. आता दोन केस एकमेकांवर उलटसुलट दिशांनी घासले तर काय होईल? खवल्यांत खवले अडकतील. केस एका बाजूला सरकू शकतो, परत येऊ शकत नाही. लोकरीचा नमदा तयार होतो तो याच गुणावर. लोकर ओली करावी, साबण लावावा, हातांनी चोळावी, की तिची एकजीव पाटी होते, मग ती कोणी सोडवू म्हटले तरी सुटत नाही. मेंढीच्या लोकरीत जो गुण आहे तोच माणसाच्या केसात थोड्या कमी प्रमाणात आहे. जट म्हणजे डोक्यावर तयार झालेला नमदा होय.

दुसरी गोष्ट गळणाऱ्या केसांची. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, महिन्याला अर्ध्या इंचाच्या आत-बाहेर. मग थांबतो आणि गळून जातो. निरोगी माणसाचेही दिवसाला पन्नास ते शंभर केस अशा रीतीने गळतात. त्यात भिण्यासारखे काही नाही. जी बाई रोज विंचरते तिचे हे केस कंगव्यात येतात, ती त्यांचा गुंडाळा करून टाकून देते. जी विंचरत नाही तिचे गळलेले केस जातात कुठे? ते खाली पडत नाहीत. लांब केसांत ते तसेच लोंबत राहतात आणि जिवंत मुळांच्या केसांभोवती दोरीसारखे वेटोळे घालतात. आठवडाभर कंगवा फिरला नाही तर साडेतीनशे ते सातशे सुटे केस डोक्यात अडकून राहिले असा हिशेब होतो. महिन्याचा आकडा ज्याचा त्याने काढावा. घाम, धूळ आणि तेल यांनी तो गुंता चिकटतो, उशीवर घासून घट्ट होतो. यात देवीचा काही संबंध असण्याचे कारण आम्हाला तरी कोठे दिसत नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि ती आपल्या जिल्ह्याची खास आहे. घाटावरच्या मंडळींना कदाचित कल्पना नसेल, पण घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूला खारपाणपट्टा आहे. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. त्या पाण्यात अंगाचा साबण लावला तर फेस येत नाही. साबण आणि पाण्यातले क्षार मिळून पांढरट चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. केस धुऊनही राठ का, याचे कोडे तिकडच्या आयाबहिणींना पडते. आपले लोणारचे सरोवर तर याचा मोठा नमुना. ते पाणी खारट तर आहेच, पण तीव्र क्षारधर्मीही आहे. तिथला खार जुन्या काळी काढून विकत आणि साबण-काचेच्या कामी वापरत. अकबराच्या काळच्या ‘ऐन-इ-अकबरी’तही त्याची नोंद आहे. क्षारधर्मी पाण्याने केस फुगतो, खवले उभे राहतात, आणि उभे खवले म्हणजे गुंत्याला निमंत्रण. धुण्याच्या सोड्याने डोके धुऊ नये ते याच कारणासाठी. उलट शिकेकाई आणि रिठा यांचे पाणी किंचित आंबट गुणाचे असते, त्याने खवले बसतात. आमच्या आजीला यातले रसायन ठाऊक नव्हते, पण रिठा कशाला आणि सोडा कशाला हे तिला पक्के ठाऊक होते.

येथे एक बाजूची गोष्ट सांगतो. एक-दोन रुपयांच्या शांपूच्या पुडीला नाक मुरडणारे व्याख्याते आम्ही ऐकले आहेत. ‘आमच्या आज्या शिकेकाईने न्हात,’ असे ते म्हणतात. न्हात असत खऱ्या. पण शिकेकाई उन्हात वाळवायची, कुटायची, चाळायची, उकळायची. हे कोण करणार आणि केव्हा? शिवाय खारपाण्यात साबणापेक्षा शांपू बरा चालतो, त्याचा तसा साका धरत नाही. मजूर बाईने पुडी घेतली तर ती उधळी झाली असे समजू नये. शांपू हा शब्ददेखील आपल्याच चंपीचा भाऊ आहे; चंपी साहेबाबरोबर विलायतेला गेली आणि बाटलीत बसून परत आली.

आता निगा कशी राखावी ते सांगतो. यातले पुष्कळ आम्ही घरातील मंडळींना आणि संघटनेतल्या भगिनींना विचारून घेतले आहे. विंचरायला सुरुवात टोकापासून करावी. सगळे एवढ्यावर आहे. माथ्यापासून कंगवा खाली ओढला की वाटेतला प्रत्येक लहान गुंता खालच्या गुंत्यावर जाऊन बसतो आणि शेवटी एक मोठी गाठ हातात येते. म्हणून खालची चार बोटे अगोदर मोकळी करावी, मग वरची चार, मग त्याच्या वरची. आणि जिथे गुंता असेल त्याच्या वर केस मुठीत धरावेत म्हणजे हिसका मुळाला बसत नाही. कंगवा रुंद दातांचा घ्यावा. बारीक फणी उवांसाठी असते, गुंत्यासाठी नव्हे. उवांकरिता डोक्याला रॉकेल लावण्याची खोड काही घरांत अजून आहे. त्याने कातडी भाजते, आणि चुलीपाशी बसले तर जीवही जातो.

ओला केस अशक्त असतो. ताणला तर लांबतो आणि तुटतो. न्हाऊन आल्यावर पंचाने केस झटकण्याची आपल्याकडे रीत आहे, फटाफट आवाज निघतो आणि केस वाळल्यासारखे वाटतात. तसे करू नये. जुन्या लुगड्याच्या मऊ धडप्याने दाबून पाणी टिपावे. सरळ केस असतील तर ते जवळजवळ वाळल्यावर विंचरावेत. कुरळे असतील तर किंचित ओलसर असताना, बोटांना तेल लावून. कुरळ्या केसांच्या मुली कोरडे विंचरताना रडतात आणि आया त्यांनाच रागावतात. रात्री निजताना केस मोकळे सोडू नयेत, सैल वेणी घालावी. फार आवळून घातलेली वेणी कपाळावरचे केस कायमचे मागे हटवते. टोकांना फाटे फुटले असतील तर दोन-तीन महिन्यांनी बोटभर कापावेत. कापल्याने केस जोमाने वाढतात हा समज मात्र खोटा. केस मुळाशी वाढतो, टोकाला नाही.

तेलाविषयी दोन शब्द. खोबरेल तेलाची कीर्ती नुसती जाहिरातीची नाही. रेळे आणि मोहिले या मुंबईच्या दोन संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली. धुण्याने आणि विंचरण्याने केसातले जे प्रथिन झिजते ते खोबरेलाने कमी झिजते असे त्यांना आढळले. कारण हे तेल केसाच्या आत शिरते. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतच नोकरीस होते, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. परंतु त्यामुळे प्रयोग खोटा ठरत नाही. न्हाण्यापूर्वी चमचाभर तेल पुरे. तेलाने केस लांब होतात असे कोणी सांगितले तर त्याला दुकान दाखवायला सांगावे, म्हणजे तो विक्रेता आहे की काय ते कळेल.

इतके सगळे सांगून झाल्यावर एक भगिनी आम्हाला म्हणाली, ‘भाऊ, समदं खरं, पण टाइम कुठं हाय?’ आमच्या व्याख्यानाचा खरा विषय येथून सुरू होतो.

कापूस वेचणारी, निंदणाला जाणारी, जिनात कामाला जाणारी बाई पहाटे उठते, पाणी भरते, भाकरी टाकते, सातला घर सोडते आणि दिवस मावळताना परत येते. आणि आपल्या समाजाने नियम काय केला? तिन्हीसांजेनंतर केस विंचरू नयेत, लक्ष्मी जाते! या नियमामागचे कारण त्या काळी शहाणपणाचे असेल. दिवा मिणमिणता, केस पडलेला दिसत नाही, तो पिठात जातो, अन्नात जातो. आता घरात वीज आली, तरी नियम राहिला. जिला दिवसा क्षणाची उसंत नाही तिला रात्रीही मनाई, म्हणजे विंचरायचे केव्हा? शिवाय बाळंतीण असेल तर नको, सुतक असेल तर नको, अमुक वार असेल तर न्हायचे नाही. जट बहुधा कधी सुरू होते हे विचारून पाहा. बाळंतपणानंतर, मोठ्या तापानंतर, घरात मृत्यू झाल्यावर. म्हणजे बाई अंथरुणाला खिळलेली असते किंवा मन मेलेले असते, आणि पंधरा-वीस दिवस डोक्याला कोणाचा हात लागत नाही, तेव्हा.

खामगाव ही कापसाची जुनी मोठी पेठ. जलंबहून तिथे १८७० साली आगगाडीचा फाटा नेला तो कापसासाठीच. जिनात काम करणाऱ्या बाईच्या केसांत रुईची तूस बसते. ती तेलाला चिकटते आणि गुंत्यात विणली जाते. डोक्याला फडके घट्ट बांधणे हा त्यावर साधा उपाय, आणि फिरत्या पट्ट्यापासून वाचण्याचाही. सुटी वेणी शाफ्टला लागली तर बाई त्याबरोबर ओढली जाते. मग बटण दाबायला कोणी धावेपर्यंत व्हायचे ते होऊन जाते. १९४८ च्या कारखाने कायद्यात चालू यंत्राजवळ काम करणाऱ्या पुरुषाला अंगाबरोबर बसणारे कपडे मालकाने पुरवावेत असे होते. स्त्रियांना चालू यंत्र साफ करण्याची मनाई होती. कापूस दाबण्याच्या कारखान्यात कापूस मोकळा करणाऱ्या यंत्राच्या खोलीत स्त्रियांना ठेवू नये असे सत्ताविसावे कलम होते. त्या कायद्याची जागा आता नव्या संहितेने घेतली आहे. आम्ही ती कलमे पुष्कळदा वाचली. त्यांत कपडे आहेत, केसांचे नाव नाही. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात बायका कारखान्यांत गेल्या तेव्हा व्हेरॉनिका लेक नावाची एक सिनेनटी एका डोळ्यावर केस सोडण्याबद्दल प्रसिद्ध होती आणि कामगार मुली तिची नक्कल करीत. केस यंत्रात अडकू लागले, तेव्हा सरकारने तिलाच केस मागे बांधायला सांगितले आणि १९४३ साली तिने ते बांधले. आपल्याकडे सरकारने नट्यांना असे काही सांगितल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आपल्या जिनातल्या बाईने फडके बांधले ते स्वतःच्या अक्कलहुशारीने.

केसांबाबत दोष अगोदर बाईवर किंवा गरिबाच्या न्हाणीघरावर ठेवायचा, ही सवय तर आपण नुकतीच पाहिली. २०२४ च्या डिसेंबरअखेर आणि २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस अचानक मुठीमुठीने निघू लागले. आधी डोके खाजे, मग तीन-चार दिवसांत टक्कल. बायका, पुरुष, मुले, कोणी सुटले नाही. रुग्णांची संख्या पावणेतीनशेच्या घरात गेली. पहिल्या दिवसांत काय ऐकले? शांपू वाईट वापरला असेल. डोके घाण असेल. बुरशी असेल. ज्यांनी जन्मात शांपू लावला नाही त्यांचेही केस जात होते, तरी हेच. लग्ने अडली, लोक शिवायला भिऊ लागले. दिल्ली-चेन्नईहून तज्ज्ञांची पथके आली. विंचूदंशावरील कामाने प्रसिद्ध असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्त, लघवी, केस आणि रेशनचा गहू तपासून घेतला. गव्हात सेलेनियम नावाचे मूलद्रव्य फार वाढलेले आणि रुग्णांच्या शरीरात जस्त कमी, म्हणून मूळ त्या गव्हात असावे, असे त्यांनी मांडले. पुष्कळांचे केस नंतर परत येऊ लागले. मुद्दा हा की कारण डोक्यावर शोधले जात होते आणि बोट दाखवले गेले ते ताटाकडे.

आता जटेकडे येतो. गुंता वाढून जट झाली की एक चमत्कार होतो. काल जी हयगय होती ती आज देवीची खूण ठरते. कोणी जाणता म्हणवणारा येऊन सांगतो, ‘कापाल तर घराचे वाटोळे होईल, नवरा जाईल, मूल जाईल.’ महाराष्ट्राच्या दक्षिणेकडे आणि सीमेपलीकडे बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने मुली सोडण्याची जी चाल होती, तिच्यात मुलीच्या डोक्यातली जट हे देवीचे बोलावणे मानले जाई. देवदासी प्रथेला बंदी करणारे कायदे मुंबई इलाख्यात १९३४ साली, कर्नाटकात १९८२ साली झाले. एका न विंचरलेल्या डोक्यापायी पोरीचा सगळा जन्म ठरून जावा, याहून महाग गुंता आम्हाला ठाऊक नाही.

हे आपल्याच देशाचे वेड आहे असे समजून कोणी खाली मान घालू नये. युरोपात पोलंडमध्ये याच जटेचे शेकडो वर्षे राज्य होते. तिकडे तिला ‘कोल्तुन’ म्हणत. शरीरातला रोग जटेच्या वाटे बाहेर पडतो, ती कापली तर माणूस आंधळा होईल, वेडा होईल, अशी समजूत. आणि काही वैद्यही तिला रोगच मानत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर क्राकोचे डॉक्टर युझेफ डीट्ल यांनी जटावाल्यांची पाहणी केली आणि हा रोग नसून अस्वच्छता व समजूत यांचे फळ आहे असे सांगितले. असे म्हणतात की पाहणी चालली असता जटेवर कर बसणार अशी आवई उठली आणि तिच्या भीतीने पुष्कळ जटा आपोआप कापल्या गेल्या! पुढे डीट्ल त्या शहराचे महापौर झाले. एका भीतीने बांधलेले दुसऱ्या भीतीने सोडवले, ही युक्ती आम्हाला मनापासून पसंत नाही, पण हसू आल्याशिवाय राहत नाही.

आपल्याकडे महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने हे काम हाती घेतले. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी गावोगाव जाऊन शेकडो बायकांच्या जटा समजूत घालून उतरवल्या आहेत. समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. भीती घालणाऱ्याला या कायद्याचा धाक दाखवता येतो. पण जिला भीती बसली आहे तिच्या शेजारी रात्रभर कायदा बसू शकत नाही.

हे आम्ही का म्हणतो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका तालुक्यातल्या जिनात पिण्याच्या पाण्यावरून आमची बोलणी चालली होती. तेथे एक बाई उन्हाळ्यातही पदर डोक्यावरून कधी काढीत नसे. जेवायच्या सुटीत इतर बायका तिच्यापासून हातभर दूर बसत, आणि मंगळवारी-शुक्रवारी त्याच तिच्या पाया पडत. पदराखाली जट होती. बाळंतरोगात एकवीस दिवस पडून होती, तेव्हापासूनची, नऊ वर्षांची. एका कुशीवर निजता येत नव्हते, मान धरली होती, तूस अडकून वास येत होता. आमच्या काही तरुण कार्यकर्त्यांनी तिला केसाचे शास्त्र समजावून सांगितले. खवले, नमदा, सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि आम्हाला विचारले, ‘भाऊ, केस कापले अन् घरात कोनाचं बरंवाईट झालं, त तुमी येसान काय?’

या प्रश्नाला शास्त्राकडे उत्तर नाही, आणि आम्हाला तर हा प्रश्न ओळखीचा वाटला. संपाच्या आधी प्रत्येक माणूस हेच विचारतो. मी बाहेर पडलो आणि घरात चूल पेटली नाही तर तुम्ही येणार का? त्याचे उत्तर भाषणाने देता येत नाही. ते उत्तर जिनातल्या बायकांनीच दिले. त्यांनी आपसांत ठरवले की कापल्यापासून महिनाभर रोज रात्री एकीने तिच्या घरी निजायला जायचे, आणि पाया पडणे आजपासून बंद, जेवायला एकत्र बसायचे. एका रविवारी ओळखीच्या परिचारिकेने खोबरेल लावून, कात्रीने, दोन तास बसून ती जट उतरवली. खाली डोक्यावर फोड होते, त्यांना औषध लावले. किराण्याच्या तराजूवर ती जट अर्ध्या किलोला थोडी कमी भरली. बाई पुन्हा पुन्हा मान फिरवून बघत होती, हे आम्हाला आठवते.

तिसऱ्या आठवड्यात तिची बकरी मेली. पोट फुगून मेली, पण गावात कुजबुज सुरू झाली, आणि ज्याने जट ठेवायला सांगितले होते तो दारावरून दोनदा फिरून गेला. त्या रात्री जिची पाळी होती ती म्हातारी बाई दारात उभी राहून मोठ्याने म्हणाली, ‘मांगल्या साली आमची बकरी मेली, तवा कोनं केस कापले होते?’ कुजबुज तेवढ्यावर थांबली असे नाही, पण तिची धार गेली. महिना पुरा झाला, पाळ्या संपल्या, आणि नवऱ्याला-मुलांना काही झाले नाही.

ज्यांच्या घरी नवी जट असेल त्यांच्यासाठी एवढे सांगतो. महिना-दोन महिन्यांची असेल तर कापायची गरज नसते. रात्री भरपूर तेल जिरवावे, सकाळी खालच्या टोकाकडून बोटांनी आणि विणकामाच्या सुईने थोडे थोडे सोडवावे, दोन-तीन दिवस लागले तर लागू द्यावे. जुनी असेल तर कात्रीच. आणि काढण्याच्या आधी, पुढचा महिना तिच्याजवळ कोण राहणार हे ठरवावे.

आता लोखंड्यांकडे वळतो, आरंभी शब्द दिला होता. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली. १८९० हे त्यांच्या कामाचे मोठे वर्ष. २४ एप्रिलला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री-कामगारांनी भाषणे केली. मागणी आठवड्याच्या सुटीची. १० जूनला मालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. त्याच वर्षी मुंबईच्या नाभिक बांधवांनी सभा भरवून ठरवले की विधवांचे केशवपन करायचे नाही. त्यामागेही लोखंडे होते. सत्यशोधक विचारांचा हा माणूस. ज्याच्या हातात वस्तरा, त्यानेच तो खाली ठेवला! काम नाकारून मजुरी बुडवून घेतली, तीही पगारवाढीसाठी नव्हे, दुसऱ्याच्या डोक्यावरचे केस राहावेत म्हणून. असा संप आम्ही तरी दुसरा वाचला नाही.

आणि हे मुंबईत घडण्यापूर्वी आठ वर्षे, आपल्या बुलढाण्यात बसून एका बाईने हाच विषय कागदावर आणला होता. ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध १८८२ साली पुण्यात छापला गेला. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या कचेरीत नोकरीला होते. सुरतेच्या एका तरुण विधवेला बालहत्येची शिक्षा झाली, वर्तमानपत्रांनी सगळ्या स्त्रीजातीला झोडपले, आणि ताराबाईंनी लेखणी उचलली. नवरा मेला की बाईच्या डोक्यावरून वस्तरा फिरतो, बायको मेली तर पुरुषाच्या मिशांना कोणी हात लावत नाही. हा हिशेब त्यांनी तेव्हा रोखठोक मांडला. पुस्तक पुढे विसरले गेले, स. गं. मालशे यांनी ते १९७५ साली पुन्हा छापून आणले. आज या सभागृहात बसलेल्या किती जणांनी ते वाचले आहे हे आम्ही विचारत नाही. ग्रंथालयात आहे की नाही, ते मात्र चालकांना विचारतो.

लोखंड्यांच्या मागणीतला रविवार पुढे गिरणीतल्या बायकांचा न्हाण्याचा वार झाला नसेल तरच नवल. सुटी कशाला हवी असे मालक विचारतात तेव्हा विश्रांती, आरोग्य, कुटुंब असे मोठे शब्द अर्जात लिहिले जातात. डोके धुऊन, वाळवून, सोडवून विंचरायला लांब केसांच्या बाईला दोन तास लागतात, हे अर्जात कोणी लिहीत नाही. आम्ही लिहायला सुरुवात केली आहे. जिनात बायकांसाठी आडोसा असलेली न्हाणी, गोड्या पाण्याचा नळ आणि सुटण्यापूर्वी पंधरा मिनिटे अंगावरची तूस झाडायला, या तीन गोष्टी आमच्या मागणीपत्रकात आता पगाराच्या कलमाच्या लगेच खाली असतात. पहिल्यांदा ते वाचून समोरचे व्यवस्थापक हसले. नळ मिळाला आहे. पंधरा मिनिटांवर अजून बोलणी चालू आहेत.

दिलेला वेळ संपत आला. काही प्रश्न असतील तर विचारावेत. भगिनींचे अगोदर घेऊ. त्यांना घरी जाऊन अजून स्वयंपाक करायचा आहे.